विमानाच्या खुर्चीतली निर्यात

सॉफ्टवेअर निर्यातीचा वार्षिक आकडा वर्तमानपत्रात आला की शेजारी हमखास एक चित्र असतं: निळा पृथ्वीगोल आणि त्याच्याभोवती लखलखणाऱ्या तारा. जणू सगळा माल त्या तारांतूनच वाहत गेला. मला त्या चित्राचा राग येतो. १९७८ ते २००८ या काळात मी मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानांची तिकिटं काढली. त्या निर्यातीचा निदान सुरुवातीचा काही भाग तरी मी स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे, लाल कार्बनच्या कुपनांवर, नाव, वर्ग, सामानाचे किलो आणि जागा पक्की असल्याचा ‘ओके’ यांसकट. सेवांच्या व्यापाराला अर्थशास्त्राच्या पुस्तकात अदृश्य व्यापार म्हणत. आमच्या काउंटरवर तो चांगला दिसायचा. त्याच्या हातात नवी कोरी बॅग असायची आणि बहुतेकदा बरोबर आईवडील आलेले असायचे.

आमची एजन्सी फोर्टात होती. मालक पारशी, हिशेबनीस गुजराती आणि तिकिटांवर आम्ही मराठी बायका. कॉम्प्युटर यायचा होता. एबीसी गाइड नावाचा वेळापत्रकाचा जाडजूड ग्रंथ, भाड्यांचे तक्ते, मैलांचे तक्ते आणि टेलिफोन, एवढ्यावर काम चालायचं. माझ्याआधीच्या बायका पी फॉर्मच्या कथा सांगायच्या. परदेशी जायचं तर तिकिटाआधी रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागायची, आणि ती हाती येईपर्यंत ज्या कामासाठी जायचं ते कामच कधी कधी संपून जायचं.

मैलांचे तक्ते कशाला, ते सांगायला हवं, कारण व्यापाराच्या इतिहासात त्यांचं नाव कुठे येत नाही. तेव्हाचं पूर्ण भाड्याचं तिकीट कमाल मैलांवर बांधलेलं असे. मुंबई ते न्यूयॉर्क भाडं भरलं की ठरलेल्या मैलांच्या आत वाटेत उतरता येई, जादा पैसे न देता. मग लंडनमध्ये दोन दिवस, फ्रँकफुर्टमध्ये एक, झालंच तर जिनिव्हा. एकाच भाड्यात तीन-चार गिऱ्हाइकांची दारं ठोठावून येणारे सल्लागार आणि इंजिनिअर आम्ही पाहिलेत. कोणता मार्ग मैलांत बसतो हे पेन्सिलीने बेरजा करून आम्ही काढायचो. वाटेतल्या ज्या शहरांत आमच्या बेरजेमुळे माणूस उतरला, तिथे पुढे कंपनीचं ऑफिस उघडलं, असंही झालं. त्या बेरजेचं श्रेय अर्थातच कुणी दिलं नाही.

पण विमानाच्या आधीही मुंबई सेवा निर्यात करत होती. ती निर्यात म्हणजे खलाशी. परदेशी बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे लोक आणि सलूनमध्ये, म्हणजे स्वयंपाकाला आणि वाढायला, गोव्याचे, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. बोट मुंबईत यायची, म्हणून माणसानेही मुंबईत येऊन थांबायला हवं. धोबीतलाव, गिरगाव भागात गोव्यातल्या एकेका गावाचा एकेक कूड, म्हणजे उतरायची सामाईक खोली, होता. भिंतीला लागून ओळीने ट्रंका, एका कोपऱ्यात देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, आणि मग वाट पाहणं. बोट मिळायला महिनोन्‌महिने लागत. धंदा होता समुद्रावरचा, पण त्याचा निम्मा काळ धोबीतलावच्या खाटेवर जात असे.

माझ्या उमेदीच्या वर्षांत हे चित्र पार पालटलं. कंपन्या खलाशांना विमानाने बोटीकडे पाठवू लागल्या. बोट रॉटरडॅमला असो, सिंगापूरला असो नाहीतर ह्यूस्टनला. सहा माणसं उतरवायची, सहा चढवायची. यासाठी विमान कंपन्यांनी वेगळं भाडं ठेवलं होतं, मरीन फेअर. नेहमीपेक्षा स्वस्त, सामान चाळीस किलोपर्यंत, आणि तारीख कितीदाही बदला. कारण बोट कधी वेळेवर पोचत नाही. रात्री जेवायला बसलं की शेजाऱ्यांच्या फोनवर बॅलार्ड इस्टेटमधला शिपिंग एजंट हजर: जहाज दोन दिवस उशिरा लागणार आहे, सहाच्या सहा तिकिटं पुढे ढकला.

एक वयस्कर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, दर खेपेला तिकीट हातात घेऊन विचारायचे, “बाय, ह्याच्यावर सामान किती न्यायला गावतं?” मी चाळीस सांगितलं की ते समाधानाने मान हलवायचे. कोकणातून आलेली मी त्या एका ‘बाय’साठी त्यांचं काम आधी करायचे, हे मालकांनाही ठाऊक होतं.

या स्वस्त भाड्याने काय घडवलं ते लक्षात घ्या. पूर्वी मुंबई बंदराला लागणाऱ्या बोटींपुरतीच आमच्या खलाशांची बाजारपेठ होती. आता ज्या मालकाचं जहाज जन्मात कधी मुंबईला येणार नाही, त्या नॉर्वेच्या किंवा ग्रीसच्या मालकालाही मुंबईचा माणूस ठेवता येऊ लागला. खलाशाच्या अंगचं कसब तेच राहिलं. बदलला तो त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता. कूड मात्र ओस पडत गेले. बोलावणं घरी येऊ लागल्यावर धोबीतलावला कोण कशाला थांबेल? माणूस वेंगुर्ल्याहून किंवा मडगावहून रात्रीची गाडी पकडून यायचा, आमच्याकडून तिकीट घ्यायचा आणि त्याच रात्री सहारच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उडायचा. मुंबईने त्याचं भाडं गमावलं, खाणावळ गमावली, पण भरती करणारी ऑफिसं मुंबईतच राहिली, कारण विमानं मुंबईतून सुटत होती.

आखाताचंही असंच. मुंबईहून कराची, मस्कत करत आखातातल्या बंदरांना जाणारी ‘द्वारका’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट १९८२पर्यंत चालू होती. डेकवर वळकटी टाकून जाणारा उतारू आठवडाभराने पोचायचा. विमानाला तीन तासही पुरत. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ उड्डाणानंतर काही क्षणांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले. ते विमान दुबईला निघालं होतं. त्याच वर्षी मी कामाला लागले तेव्हा आखाताची तिकिटं काढायला आलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडी त्या अपघाताचाच प्रश्न असायचा. पण गर्दी कमी झाली नाही. दुबईसारख्या तेव्हाच्या लहानशा शहराला चक्क जंबो जात होतं, यावरूनच उतारूंचा ओघ कळावा.

मग २५ ऑक्टोबर १९८५ रोजी एमिरेट्सचं पहिलं विमान दुबईहून कराचीला गेलं. सुरुवातीची ठिकाणं कोणती? कराची, मुंबई, दिल्ली. पाकिस्तानच्या सरकारी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर ही कंपनी उभी राहिली, आणि तिने पहिल्यांदा गिऱ्हाईक शोधलं ते आपल्याकडचं: गवंडी, सुतार, कारकून, ड्रायव्हर, नर्स. पुढे दुबईहून जगभर विमानं जाऊ लागली आणि युरोप-अमेरिकेचे लोकही तिथे उतरू लागले, पण पाया या मंडळींच्या भाड्याचा आहे.

इथे हिशेबाची एक गंमत आहे. इंजिनिअर सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेला आणि त्याच्या कामाचं बिल इथल्या कंपनीने पाठवलं, तर ती सेवेची निर्यात. गवंडी पाच वर्षं शारजात राहिला आणि त्याने घरी पैसे पाठवले, तर ते निव्वळ घरी आलेले पैसे. निर्यातीच्या खात्यात त्यांना जागा नाही. आमच्या काउंटरवर दोघांच्याही तिकिटाला सारखंच कार्बन लागायचं.

अंधेरी-मरोळची सीप्झ, म्हणजे सांताक्रूझची इलेक्ट्रॉनिक निर्यात वसाहत, १९७३ साली सुरू झाली. सांताक्रूझ विमानतळाच्या जवळ म्हणून सांताक्रूझचं नाव. वजनाला हलका, किमतीला भारी असा इलेक्ट्रॉनिक माल विमानाने पाठवायचा, अशी सरकारी कल्पना. तो माल बेताचाच गेला. पण त्याच आवारात सत्तरच्या दशकाच्या अखेरीला टाटा-बरोज आली आणि वजनच नसलेला माल जाऊ लागला. टाटा कन्सल्टन्सीने १९७४ सालीच बरोज या अमेरिकन कंपनीसाठी काम सुरू केलं होतं, आणि १९७९ साली टाटा कन्सल्टन्सीचे रामदोराई न्यूयॉर्कला ऑफिस उघडायला गेले. पटनी मंडळींची तऱ्हा त्याआधीची आणि आणखी मजेदार. १९७२च्या सुमारास नरेंद्र पटनी यांनी अमेरिकेतली कागदपत्रं विमानाने भारतात आणायची, इथे ती कागदी पट्ट्यांवर टाइप करायची आणि पट्ट्या विमानाने परत पाठवायच्या, असा उद्योग मांडला. हे दुरून जमेल का, हे पाहायला नवराबायको घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांत बसले, आणि बोलायचं नाही, फक्त लेखी सूचना द्यायच्या, असा प्रयोग त्यांनी केल्याचं सांगतात. त्या वेळी अदृश्य व्यापाराचं वजन किलोत मोजता येत होतं.

पुढे मॅग्नेटिक टेप आल्या. त्या घेऊन माणूसच जायचा, आणि कस्टमवाले विचारायचे की या चकतीची किंमत काय लिहू? रिकाम्या चकतीची की आतल्या मजकुराची? पण खरी निर्यात टेपचीही नव्हती. ऐंशीच्या दशकात आपल्या सॉफ्टवेअर निर्यातीचा मोठा भाग माणसं तिकडे नेऊन, गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसवून होत असे. याला बॉडी शॉपिंग म्हणत, जरा नाक मुरडून. पटनींच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस काढली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं होतं, आणि सातांपैकी नारायण मूर्ती सोडून बाकीचे काम करायला अमेरिकेला गेले. कंपनीचा पत्ता पुण्याचा, कंपनी मात्र विमानातून उतरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसलेली.

या धंद्यासाठी आमच्याकडे एक यंत्रणा तयारच होती: पीटीए. पैसे अमेरिकेत भरायचे आणि तिकीट मुंबईत मिळायचं. मुळात ही सोय तिकडे राहणाऱ्या मुलाने आईला बोलवावं यासाठी. पण डॉलर बाहेर काढणं मुश्किल होतं त्या दिवसांत गिऱ्हाईक कंपनीने प्रोग्रॅमरचं भाडं तिथेच भरलं, तर इकडे कुणाला परकीय चलनासाठी अर्ज करावा लागत नसे. टेलेक्सवर संदेश यायचा, त्यात नाव, मार्ग आणि रक्कम. मुलगा भुलाभाई देसाई रोडवरच्या अमेरिकन वकिलातीतून पहाटेच्या रांगेत उभं राहून व्हिसा आणायचा, आम्ही तिकीट लिहून द्यायचो. कधी कधी व्हिसा शुक्रवारी मिळायचा आणि कामावर सोमवारी हजर व्हायचं असायचं. मग एअरलाइनमधल्या ओळखी कामाला लावायच्या. डिसेंबरात तर जागाच नसायची. १९९९च्या डिसेंबरात वाय-टू-केसाठी निघालेली मुलं वेटलिस्टवर ठेवावी लागली तेव्हा माझा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला.

जागा का नसायची? विमानं नव्हती म्हणून, हे वरवरचं उत्तर झालं. १९४४ साली शिकागोला जगातली राष्ट्रं जमली आणि ठरलं की प्रत्येक देशाचं आकाश त्याचं स्वतःचं. त्यामुळे कुठल्या देशाच्या कंपनीने आठवड्याला किती विमानं, किती जागा, कुठल्या शहरात आणायच्या, हे दोन-दोन देश आपसांत वाटाघाटी करून ठरवतात. आपलं धोरण अनेक वर्षं हात आखडता घेण्याचं राहिलं. सरकारी कंपनीला स्पर्धा नको होती. १९९५ला सेवांच्या व्यापाराचा जागतिक करार अमलात आला. त्याने या व्यापाराचे चार प्रकार केले: काम तारेने जाणं, गिऱ्हाइकाने आपल्याकडे येणं, आपण तिकडे ऑफिस थाटणं आणि आपला माणूस तिकडे जाऊन काम करणं. चारांतल्या तीन प्रकारांना विमानाची खुर्ची लागते. आणि त्याच कराराला जोडलेल्या परिशिष्टात विमानवाहतुकीचे हक्क कराराबाहेर ठेवले आहेत! म्हणजे दुकान सगळ्यांना उघडं आणि दुकानाकडे जाणारा रस्ता कराराबाहेर. सेवेवर कधी कुणी जकात बसवली नाही म्हणतात. माझ्या मते विमानातल्या जागांची टंचाई हीच ती जकात होती, आणि ती उतारू भरायचा.

अमेरिकेबरोबर खुल्या आकाशाचा करार एप्रिल २००५मध्ये झाला. न्यूयॉर्कहून मुंबईला थेट विमान २००६च्या अखेरीस डेल्टाने आणलं, १ ऑगस्ट २००७ला मुंबई–न्यूयॉर्क एअर इंडियाने आणि त्याच वर्षी नेवार्कहून काँटिनेंटलने. मला त्याचा उपयोग झाला नाही. २००८च्या १ जूनपासून जगभरची कागदी तिकिटं बंद झाली, एजंटांचं कमिशनही शून्यावर आलं, आणि आमच्या मालकांनी फोर्टातली जागा विकून टाकली.

निवृत्त झाल्यावर भाच्याने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. कांपांते आणि यानागिझावा-द्रोट या दोन अर्थतज्ज्ञांचा, २०१८ साली छापून आलेला. त्यांनी पाहिलं की साधारण सहा हजार मैलांच्या आतल्या दोन शहरांत थेट विमान असण्याची शक्यता त्याच्या किंचित पुढच्या शहरांपेक्षा बरीच जास्त असते. कारण बारा तासांच्या पुढे उड्डाण गेलं की जादा वैमानिक, जादा कर्मचारी लागतात आणि खर्च एकदम उडी मारतो. मग नकाशावर नशिबाने रेषेच्या अलीकडे पडलेल्या शहरांकडे कंपन्यांचे संबंध अधिक जुळले, भांडवल अधिक आलं. मी नकाशा काढून बसले. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, फ्रँकफुर्ट त्याहून जवळ, दोन्ही रेषेच्या अलीकडे. न्यूयॉर्क साडेबारा हजार, रेषेच्या खूप पलीकडे. म्हणूनच तर आमची अमेरिका तीस वर्षं लंडन-फ्रँकफुर्टमार्गे जात होती. आमची विमानं रात्री एक-दोनला का सुटत, यालाही तेच कारण. युरोपात पहाटे पोचायचं, म्हणजे तिकडच्या विमानतळांवरची रात्रीची बंदी चुकते आणि अमेरिकेचं सकाळचं विमान सापडतं. सहारची रात्र युरोपच्या सकाळसाठी जागायची.

त्या अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट ही की त्यांनी आमच्या धंद्यातल्या जुन्या वादात हात घातला. विमान आल्याने धंदा वाढतो की धंदा वाढल्याने विमान येतं? सहा हजार मैलांची रेषा कुणी धंदा पाहून आखलेली नाही, त्यामुळे तिच्या दोन बाजूंची तुलना करता येते. पण बंगळुरूपुरतं मी उलट बोलेन. १९८३ला इन्फोसिस पुण्याहून बंगळुरूला गेली, १९८५ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स उपग्रहाची तार घेऊन तिथे आली, आणि तेव्हा त्या शहरातून युरोप-अमेरिकेला थेट जाता येत नव्हतं. तिथली मुलं संध्याकाळच्या इंडियन एअरलाइन्सने सांताक्रूझला उतरायची, बॅगा ओढत सहारला यायची आणि मध्यरात्रीपर्यंत बाकांवर बसून राहायची. लुफ्तान्झाचं विमान बंगळुरूला सुरू झालं ते एकविसाव्या शतकात. तेव्हा धंदा आधी, विमान मागून, असंही होतं. मात्र मधली वीस वर्षं त्या धंद्याने मुंबईच्या विमानतळाच्या जिवावर काढली, हे कुणी सांगत नाही.

पुण्याची गोष्ट मला लागते, कारण माझं सासर तिथलं. १९९०ला देशातली पहिली सॉफ्टवेअर पार्कं निघाली त्यात पुणं होतं. पुढे हिंजवडी झालं. पण लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, लांबीला अडीच किलोमीटरच्या आसपास. भरलेलं मोठं विमान तिथून लांब पल्ल्याला उडू शकत नाही. म्हणून पुण्याच्या सेवा-निर्यातीची पहिली पायरी म्हणजे सहारला सोडणारी गाडी. रात्री दोनच्या विमानासाठी दुपारी चारला घरून निघायचं. खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की आमच्याकडे फोन: मॅडम, अजून खोपोलीत आहोत, काही करता येईल का? काय करणार, कपाळ! तिकीट उद्यावर ढकलायचं, आणि तिकडच्या मीटिंगचं उद्या काय होईल ते त्यांचं त्यांनी पाहायचं. २००२ला द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि असे फोन कमी झाले. माझ्या मते त्या रस्त्याने पुण्याच्या सॉफ्टवेअरचं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्या परिसंवादाने केलं नसेल.

२००८ला लुफ्तान्झाने पुण्याहून फ्रँकफुर्टला विमान सुरू केलं. मोठं विमान चालणार नाही म्हणून बिझनेस क्लासवर भर असलेलं एक लहान बोइंग, तेही दुसऱ्या कंपनीकडून चालवायला घेतलेलं. पुण्यातल्या जर्मन कारखान्यांचे साहेब आणि त्यांच्यासाठी डिझाइनची कामं करणारे इंजिनिअर, एवढ्या गिऱ्हाइकांवर ते बारा-एक वर्षं तगलं. याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही: एका शहराचा एका देशाशी असलेला सेवांचा व्यवहार, अवघ्या एका विमानात मावलेला. २०२०च्या साथीत ते बंद पडलं.

गोव्याचा प्रकार वेगळा. तिथे गिऱ्हाईकच येतं. १९८५ला जर्मनीच्या काँडोरचं चार्टर विमान दाभोळीला उतरलं आणि हिवाळ्यातले दोन आठवडे एकगठ्ठा विकण्याचा धंदा सुरू झाला. विमानासकट हॉटेल, जेवण, सगळं तिकडेच विकलेलं. आलेल्यांनी त्याच विमानाने परत जायचं, भारतीयाला त्यात जागा नाही. दाभोळी नौदलाचं, त्यामुळे सकाळची वेळ त्यांच्या सरावाची आणि उरलेल्या तासांत पर्यटन. सगळ्यांना हे रुचलं असं नाही. १९८७ला ‘जागृत गोंयकारांची फौज’ने चार्टरच्या पाहुण्यांचं स्वागत शेणाने केलं. गोव्याचं पाणी, वीज, किनारा हे सगळं त्या विमानाच्या वेळापत्रकाला बांधलं जातंय, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. चार्टरवाल्या बाहेरच्या कंपनीने पाठ फिरवली की कळंगुटची खोली रिकामी. २०१९च्या सप्टेंबरात ब्रिटनची थॉमस कुक बुडाली तेव्हा ऐन हंगामाच्या तोंडावर गोव्यातल्या हॉटेलवाल्यांनी हेच अनुभवलं.

मार्च २०२०च्या चौथ्या आठवड्यात देशात येणारी-जाणारी सगळी प्रवासी विमानं थांबली. कुणीही मुद्दाम केला नसता असा तो प्रयोग. गोव्याचे चार्टर शून्यावर आले. खलाशांचे सगळ्यात हाल झाले: करार संपलेले हजारो जण बोटीवरच अडकले, बदलीचे गावी बसून राहिले. आणि सॉफ्टवेअरची निर्यात? ती घटली नाही, थोडी वाढलीच. भाच्याने मला चिडवायला फोन केला की आत्या, तुझा सिद्धांत गेला. मी म्हटलं, ती दोन वर्षं तुझ्या तारांची. पण ज्या माणसांनी घरात बसून ते काम केलं, त्यांच्यावर विश्वास टाकणारा तिकडचा मॅनेजर कधीतरी सहारच्या लीला हॉटेलात राहून, इथल्या लोकांबरोबर जेवून गेला होता. तीस-चाळीस वर्षांच्या फेऱ्यांची ओळख दोन वर्षं पुरली. नवं गिऱ्हाईक त्या काळात किती मिळालं ते विचार. तो म्हणाला, विचारतो. अजून त्याचा फोन आलेला नाही.

आज परिस्थिती अशी आहे. सेवांची निर्यात किती वाढवायची याचं लक्ष्य दिल्लीत वाणिज्य मंत्रालय ठरवतं. कोणत्या शहराला कुठल्या देशातून किती जागा द्यायच्या, याच्या वाटाघाटी नागरी विमानवाहतूक मंत्रालय करतं, आणि त्या करताना विमान कंपन्यांचा नफातोटा पाहिला जातो. हिंजवडीचा किंवा मडगावचा नाही. ही दोन टेबलं एकमेकांशी बोलताना मला माझ्या नोकरीत दिसली नाहीत, आणि वर्तमानपत्रं वाचून आजही तसं दिसत नाही. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ साली झाली. त्या जमिनीवर धावपट्टी अजून झालेली नाही, आणि फ्रँकफुर्टचं विमान गेल्यापासून पुण्याहून युरोपला थेट विमान नाही. पुण्याचा इंजिनिअर अजूनही रात्रीच्या विमानासाठी दुपारी घाट उतरतो.